अटींवर मिळालेला प्रवेश : डॉ. कमला सोहोनी

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात तक्ते लागतात, टेबलावर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची तसबीर ठेवून तिला हार घातला जातो आणि आठवी-नववीची मुले पाहुण्यांना प्रयोग समजावून सांगतात. माजी विद्यार्थ्यांना त्यांतला एक प्रयोग खात्रीने आठवत असेल. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या काही डहाळ्या, त्यांवर पालथे नरसाळे, नरसाळ्यावर पालथी परीक्षानळी आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात एकामागून एक वर चढणारे बुडबुडे. नळीत जमलेल्या वायूजवळ धुमसती काडी नेली की ती भपकन पेटते आणि मुले टाळ्या वाजवतात.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने याच प्रयोगापाशी उभे राहून मला विचारले होते, की हा ऑक्सिजन नेमका कशातून सुटला. पाण्यातून, की पाण्यात विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधून? दोहोंतही ऑक्सिजन आहे, तेव्हा प्रश्न रास्त होता. तिला उत्तर देण्यासाठी वाचायला बसले आणि वाचता वाचता १९३८-३९ च्या केंब्रिजमधील एका प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचले. तिथे एक मराठी मुलगी बटाट्यांवर काम करीत होती. टेबलावरच्या तसबिरीतल्या रामन यांनी पाचच वर्षांपूर्वी तिला संस्थेच्या दारातून परत पाठवले होते.

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा माझ्यापुरती निवड आधीच झालेली होती. त्या मुलीचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांना निवडण्याचे आणखी एक कारण आपल्या शाळेच्या परिसरातच आहे. ते ओघाने येईल. शिक्षककक्षात मात्र थोडी चर्चा झाली. रामन यांच्याविषयीची ती हकिकत मुलांच्या हाती पडणाऱ्या अंकात असावी का, असे एकदोघांना वाटले. मला ती टाळणे योग्य वाटले नाही. ती टाळली तर कमलाबाईंच्या आयुष्यातले पहिलेच पाऊल समजत नाही.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला टाटांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत हे दोघे बंधू होते. त्यामुळे त्या संस्थेचे नाव भागवतांच्या घरात आदराने घेतले जाई आणि आपणही तिथेच जायचे, असे कमलाबाईंनी फार लवकर ठरवून टाकले होते. त्यांच्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठी असलेली बहीण म्हणजे आपल्या सर्वांना परिचित असलेल्या दुर्गा भागवत. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या थोरल्या बहिणीने झाडांची पाने महिन्यामहिन्याने कशी पालटतात ते डोळ्यांनी टिपले आणि धाकटीने वनस्पतीची पेशी श्वास कसा घेते ते वर्णपटदर्शकातून पाहिले. एका घरात निसर्गाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी वाढाव्यात, याचे मला नेहमी नवल वाटते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, भौतिकशास्त्र हा दुय्यम, आणि गुणवत्ता यादीत नाव सर्वांत वर. त्या भरवशावर त्यांनी बंगळूरला अर्ज केला. रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. या पदावर येणारे ते पहिले भारतीय, आणि तीन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी देशाची मान उंचावलेली. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री आहे आणि स्त्रियांना संशोधन झेपत नाही, एवढेच कारण होते.

वडिलांनी आणि काकांनी, म्हणजे संस्थेच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी, रदबदली केली. तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांची ही मुलगी स्वतः बंगळूरला गेली. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती आणि सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोहोचलेला होता. प्रवेश नाकारण्याचे पटेल असे कारण द्या, नाही तर प्रवेश द्या, असा पवित्रा घेऊन तिने संचालकांच्या कार्यालयासमोर ठाण मांडले. अखेर रामन नमले. पण पूर्णपणे नव्हे. त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नाही. कामाबद्दल संचालकांचे समाधान झाले तरच ते धरले जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

तिसरी अट मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. पहिल्या दोन अटी कष्टाच्या होत्या आणि कष्ट सोसता येतात. तिसरीत मुलीचे केवळ असणे हाच दोष धरलेला होता. कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी ही हकिकत मोकळेपणाने सांगितली. रामन यांचे वैज्ञानिक मोठेपण त्यांनी नाकारले नाही, आणि स्त्रियांच्या बाबतीत ते संकुचित होते हे सांगायलाही त्या कचरल्या नाहीत. मला त्यांची हीच रीत योग्य वाटते. तसबिरीला हार घालावा आणि हकिकतही सांगावी.

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. ते शिस्तीचे कडक होते आणि विद्यार्थ्यामध्ये चमक दिसली की त्याच्यासाठी जीव टाकीत. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा त्यांनी कमलाबाईंना दिलेला विषय. गरिबाच्या ताटात प्रथिने येतात ती याच पदार्थांतून, हे भान त्यांना इथेच आले आणि ते आयुष्यभर सुटले नाही. वर्षभरानंतर रामन यांनी कामावर समाधान व्यक्त केले, कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केली. त्यांच्यामुळे पुढच्या मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. १९४० मध्ये अण्णा मणी खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या आणि हिरे-माणकांच्या वर्णपटांवर काम करू लागल्या. हीरक महोत्सवाच्या अंकात हिऱ्यांचा उल्लेख आला, हा योगायोग. त्या अण्णा मणींना मात्र एम.एस्सी. नसल्याचे कारण सांगून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. दार उघडले होते, उंबरठा तसाच होता.

मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळवून कमलाबाई १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल मिळाले होते, आणि त्यांच्या विभागात स्त्री-संशोधकांची संख्या त्या काळाच्या मानाने लक्षणीय होती. कमलाबाई न्यूनॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. पहिले काम त्यांनी डॉ. डेरेक रिश्टर यांच्याबरोबर प्राण्यांच्या शरीरातील विकरांवर केले; ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर याच हिल यांच्या टेबलावर होते. त्यामुळे इथे थोडे थांबणे भाग आहे.

लोलकातून सूर्यप्रकाश गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा दिसतो, हे आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. आता त्या प्रकाशाच्या वाटेत एखादे द्रावण ठेवले तर ते द्रावण काही ठरावीक रंग गिळते आणि वर्णपटात त्या जागी काळपट पट्टे पडतात. कोणत्या पदार्थाचे पट्टे कुठे पडतात हे ठरलेले असते. बोटांच्या ठशांसारखे ते एकमेकांशी जुळत नाहीत. या साध्या युक्तीचा मोठा फायदा असा, की जिवंत ऊतीची चिरफाड न करता तिच्यात काय चालले आहे ते बाहेरून पाहता येते. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली हातात मावणाऱ्या वर्णपटदर्शकातून पतंगाच्या पंखांच्या स्नायूंकडे पाहिले, तेव्हा त्यांना असे पट्टे दिसले. ऑक्सिजन कमी पडला की पट्टे उमटत आणि ऑक्सिजन मिळाला की पुसट होत. पेशीच्या श्वसनाचाच तो खेळ होता. ज्या रंगद्रव्यांमुळे पट्टे पडत त्यांना कायलिन यांनी सायटोक्रोम, म्हणजे पेशीतील रंग, असे नाव दिले. त्यांच्या पोटात लोह असते आणि ती इलेक्ट्रॉन हातोहात पुढे पोहोचवतात. विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहून घागरी पुढे देतात ना, तसे.

रॉबिन हिल हे कायलिन यांच्याबरोबर काम केलेले, हिमोग्लोबिन आणि सायटोक्रोम या दोहोंचे पट्टे पाहण्यात मुरलेले. १९३७ साली त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाने वाटून त्यांतली हरितलवके वेगळी काढली आणि त्यांच्याबरोबर स्नायूंतील हिमोग्लोबिन ठेवले. ऑक्सिजनविना असताना हिमोग्लोबिन वर्णपटात एकच रुंद पट्टा दाखवते आणि ऑक्सिजन मिळाला की त्या एका पट्ट्याचे दोन होतात. हिल यांनी हरितलवकांवर प्रकाश सोडला, इलेक्ट्रॉन स्वीकारायला लोहाचा एक क्षार दिला आणि वर्णपटदर्शकातून पाहिले. एकाचे दोन पट्टे झाले. अखंड पान नाही, कार्बन डाय-ऑक्साइडपासून साखर बनणे नाही, आणि तरी ऑक्सिजन सुटत होता. याचा अर्थ, ऑक्सिजन सोडणे आणि साखर तयार करणे ही पानातली दोन निराळी कामे होती, आणि ऑक्सिजनचा संशय आता पाण्यावर जात होता. १९४१ मध्ये अमेरिकेत रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन वापरून तो संशय पक्का केला. आपल्या परीक्षानळीत जमतो तो वायू पाण्यातून आलेला असतो. त्या नववीतल्या मुलीला मी एवढे उत्तर दिले, तेव्हा तिचे समाधान झाले. माझे झाले नाही, कारण तोपर्यंत मला शेजारच्या टेबलावरची मुलगी दिसली होती.

कमलाबाईंसमोरचा प्रश्न उलट्या टोकाचा होता. प्राणी ज्या साखळीने श्वसन करतात तीच साखळी वनस्पतींतही असते का? प्राण्यांच्या स्नायूंत सायटोक्रोम स्पष्ट दिसे. वनस्पतींच्या बाबतीत चित्र धूसर होते. हिरव्या पानात हरितद्रव्य इतका प्रकाश गिळून टाकते की दुसऱ्या कशाचा बारीक पट्टा शोधणे म्हणजे ढोलताशाच्या गजरात एखाद्याची कुजबुज ऐकण्यासारखे. बटाट्यात हरितद्रव्याचा अडसर नाही. बटाटा हे खोडच आहे, जिवंत आहे, श्वसन करते, आणि आतून पांढरे असते. कमलाबाईंनी बटाट्याच्या ऊतींवर काम करून त्यांत सायटोक्रोम-सी असल्याचे दाखवले. त्या शोधाचा अर्थ असा, की इलेक्ट्रॉन पुढे देणारी ती रांग माणसाच्या हृदयात आणि बाजारातल्या बटाट्यात एकाच जातीची आहे. पुढे हिल आणि भागवत या दोघांच्या नावाने १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवर टिपण आले. हे विकर म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. तो इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो आणि त्यातून पाणी तयार होते.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला या ठिकाणी भरून येते, ते लपवत नाही. एका टेबलावर हिल यांची हरितलवके उजेडात पाणी फोडून ऑक्सिजन सोडत होती आणि दुसऱ्या टेबलावर कमलाबाईंच्या बटाट्यात तोच ऑक्सिजन पुन्हा पाणी होत होता. दोन पाण्याच्या रेणूंतून चार इलेक्ट्रॉन निघाले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. आणि ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन परत मिळाले की पाण्याचे दोन रेणू होतात. पृथ्वीवरच्या बहुतेक सजीवांचा संसार या देण्याघेण्यावर चालतो, आणि त्याची दोन्ही टोके एकाच गुरूच्या हाताखाली वर्णपटातल्या पट्ट्यांतून उकलली जात होती. कमलाबाईंनी स्वतः पाणी फुटण्याच्या क्रियेवर संशोधन केले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे; उत्साहाच्या भरात एखाद्याच्या पदरात दुसऱ्याचे श्रेय टाकू नये. पण हिल यांनी पुढे पानात सायटोक्रोम-एफ शोधला आणि १९५१ साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये तो जाहीर केला, तेव्हा त्याच वर्षी त्याच नियतकालिकात वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा भागवत-हिल यांचा लेखही आला. पानातला हा एफ सी याच कुळातला आहे, आणि पाण्यातून काढलेले इलेक्ट्रॉन त्याच्याच हातून पुढे जातात.

पाणी नेमके कसे फुटते याचा शोध अजून चालू आहे आणि अजूनही तो वर्णपटांच्याच वाटेने चालला आहे. १९७० च्या सुमारास फ्रान्सचे जोलियो आणि अमेरिकेतील कोक यांनी प्रकाशाच्या झटपट झोतांनी दाखवले, की हे यंत्र चार पायऱ्या चढते आणि मगच ऑक्सिजन सोडते. यंत्राच्या गाभ्याशी मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक आणि ऑक्सिजनचे पाच आहेत. त्याचे नेमके चित्र २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी घेतले. अमेरिकेत बर्कली येथे विठ्ठल याचंद्र आणि जुन्को यानो यांनी मँगनीजच्या क्ष-किरण वर्णपटावरून त्या पायऱ्यांचा पाठलाग केला आहे. पाण्यापासून स्वस्त इंधन मिळवण्याची आशा ज्या ज्ञानावर टेकलेली आहे ते ज्ञान हेच.

केंब्रिजला कमलाबाईंनी प्रबंध सादर केला तो अवघा चाळीस पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती, हे ध्यानात घेता तो उल्लेख जपून करावा असे मला वाटते. क्रमांक इकडचा तिकडे झाल्याने बटाट्यातला सायटोक्रोम काही पुसला जात नाही. आणि ज्या केंब्रिजचे आपण एवढे कौतुक करतो त्याने तरी काय केले? स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व तिथे १९४८ साली मिळाले. अटी बंगळूरलाच होत्या असे नाही.

त्याच १९३९ मध्ये कमलाबाई भारतात परतल्या आणि त्या पहिल्यांदा रुजू झाल्या त्या आपल्या शेजारी. पहाडगंजातून निघून पंचकुइयाँ रोड ओलांडला की लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय लागते. फक्त मुलींसाठी असलेले हे महाविद्यालय १९१६ मध्ये सुरू झाले. आपल्या कितीतरी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी तिथल्या रुग्णालयाच्या रांगांत सकाळी काढल्या आहेत. काहींच्या जन्माची नोंदही तिथलीच असेल. तिथे नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक आणि प्रमुख म्हणून कमलाबाई आल्या. वय अठ्ठावीस. ज्या मुलीच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडेल असे सहा वर्षांपूर्वी म्हटले गेले होते, तिच्या हाती आता एक सबंध विभाग होता आणि समोर बसलेल्या सगळ्या मुलीच होत्या.

दिल्लीतला मुक्काम मोठा ठरला नाही. मूळ संशोधनाला जिथे वाव मिळेल तिथे त्या ओढल्या गेल्या आणि निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. तिथे जीवनसत्त्वांवर त्यांनी काम केले. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग उभा केला. इथे त्यांनी पुन्हा गरिबाचे ताट पुढे ओढले. डाळी आणि कडधान्ये पौष्टिक खरी. पण कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे घटक असतात. वालासारख्या घरगुती कडधान्यांतले असे घटक त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळे काढून तपासले. उष्णतेने त्यांचा जोर मोडतो. वाल भिजवून, सोलून, नीट शिजवूनच बिरडे करावे, असे आपल्या आज्या सांगत. त्यामागचे एक कारण मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत नोंदले गेले.

नीरेवरचे त्यांचे काम अधिक गाजले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडा-माडाच्या झाडांतून पहाटे उतरवलेला हा गोड रस आंबण्यापूर्वी घेतला तर त्यात क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असते. आदिवासी भागातील कुपोषित मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात तो दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाची प्रत राखण्यासाठी त्यांनी सल्ला दिला.

एवढे सगळे करूनही संस्थेच्या संचालकपदाची पाळी आली तेव्हा त्यांना काही वर्षे ताटकळत ठेवण्यात आले. पद मिळाले, पण उशिरा. बंगळूरला एक वर्ष परीविक्षा होती. मुंबईत तिला नाव नव्हते, एवढाच फरक.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईतील कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी हिरिरीने काम केले. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या. सोसायटीच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या लेख लिहीत. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे त्या गृहिणींना समजेल अशा भाषेत सांगत. मराठीत त्यांनी 'आहारगाथा' हे पुस्तक लिहिले. केंब्रिजचा प्रबंध चाळीस पानांत आटोपणाऱ्या बाईंनी स्वयंपाकघरासाठी मात्र हात आखडता घेतला नाही.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्या पुन्हा दिल्लीला आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना इतक्या मोठ्या वैज्ञानिक स्त्रीची उपेक्षा झाल्याची खंत वाटली आणि त्यांनी कमलाबाईंना बोलावून त्यांचा गौरव केला. तोवर त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. १९९८ च्या २८ जूनला त्यांचे निधन झाले. २०२३ च्या १८ जूनला गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले; तेव्हा आपल्या अनेक पालकांनी ते मोबाइलवर पाहिले आणि मला पाठवले.

येत्या २८ फेब्रुवारीला व्हरांड्यातल्या टेबलावर रामन यांची तसबीर नेहमीप्रमाणे असेलच. तिच्या शेजारी कमलाबाईंची लावायची, असे शिक्षककक्षात ठरले आहे. ज्यांनी शंका काढली होती त्यांनीच ती मढवून आणण्याचे अंगावर घेतले आहे. हायड्रिलाच्या चंचुपात्राजवळ एक कापलेला बटाटा आणि हाताने बनवलेला वर्णपटदर्शक असेल. तक्ता नववीच्या मुली करीत आहेत. त्यात बंगळूरच्या तिन्ही अटी लिहायच्या की नाहीत, ते मी त्यांच्यावर सोपवले आहे.